व्यक्ती क्रमांक ३१७

तार्तूमध्ये नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवस मावळतो.
आम्हांला त्याचं काही वाटत नाही,
प्रयोगशाळेच्या खिडक्यांना बारा महिने काळे पडदे.

माझं काम मणी चिकटवायचं.
घोट्याच्या हाडावर, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना,
कमरेच्या उंचवट्यांवर, खांद्याच्या टोकावर. एकूण एकोणचाळीस.
हाड बोटाला लागेपर्यंत चाचपायचं.
माझे हात गार असतात, आधी माफी मागायची.
मग कॅमेरे माणूस पुसून टाकतात
आणि स्क्रीनवर उरतात ठिपके, चालणारे.

"नेहमीसारखं चाला," मी सांगते,
आणि त्या क्षणापासून कुणालाच नेहमीसारखं चालता येत नाही.
देशाचे विक्रम नावावर असलेली माणसंसुद्धा
आधी उजवा की डावा, म्हणून अडखळतात.
पहिल्या तीन फेऱ्या आम्ही धरतच नाही.

आज जुन्या फायली पुसायच्या होत्या.
दहा वर्षं झाली, संमतिपत्रांची मुदत संपली.
नावं आधीच काढलेली; वय, वजन, खेळ एवढंच शिल्लक.
मी एकेक उघडून बघत होते, गरज नसताना.
३१७ उघडली
आणि तिसऱ्या पावलाला तोंडातून गेलं, अरे, हा तर हेल्दुर!

तिहेरी उडीवाला. व्होरूकडचा.
डावा हात उजव्यापेक्षा किंचित उशिरा मागे जायचा,
जणू त्या हातात अजून दुधाची बरणी आहे
आणि ती हिंदकळू द्यायची नाही.
चेहरा विचाराल तर धड आठवत नाही.

दुसऱ्या टप्प्याला त्याची टाच जमिनीतल्या पट्टीवर पडली
तेव्हा आलेख चौकटीबाहेर गेला होता.
स्वतःच्या वजनाच्या तेरापट, एका पायावर,
पापणी लवायच्याही आत.
प्राध्यापक कास्क खूश.
मी तो गुडघा तासाभरापूर्वीच चाचपला होता,
आत वाळू भरल्यासारखा करकरत होता.
बोलले नाही. मी मणी चिकटवणारी.
पुढच्या वर्षी गुडघा गेला
आणि प्रबंधात हेल्दुर 'वगळलेली नोंद' झाला.

फाईल संपता संपता एक तुकडा उरतो, अकरा सेकंदांचा.
कुणीतरी बटण बंद करायचं विसरलेलं.
बहुधा मीच.
चाचणी आटोपलीये, हेल्दुर जॅकेट घ्यायला निघालाय,
आणि अख्ख्या दिवसात पहिल्यांदा
नेहमीसारखा चालतोय.
मध्येच थांबतो. कमरेचे चार ठिपके वळतात, मग खांद्यांचे,
उजव्या मनगटाचे दोन वर येतात.
काहीतरी सांगतोय.
ज्या दिशेला सांगतोय तिथे नुसता काळोख.
तिथे मी होते.
माझ्या अंगावर मणी नव्हते.

काय म्हणाला होता?
मी ते अकरा सेकंद सात वेळा पाहिले.
हात 'येतो मग' म्हणतोय की 'येतेस का?' म्हणतोय,
हे काढायचं सूत्र आमच्याकडे नाही.
मनगटाचा कोन आहे, दशांशाच्या दोन घरांपर्यंत.

यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं?
मी चहा करून आले. ते अजून विचारतच होतं.
पुसलं.

निघाले तेव्हा एमायोगीच्या काठच्या रस्त्याची काच झालेली.
बर्फावर चालायचं शास्त्र सोपं आहे:
पाऊल सपाट, लहान, भार पुढच्या पायावर.
बदकांना कुणी शिकवलं नाही.
पुलापाशी मागून एक गाडी आली, उगाच हळू झाली,
थोडा वेळ तशीच मागे राहिली, मग गेली.

घरी कोट काढताना सापडला,
डाव्या बाहीला, कोपराजवळ, चिकटून आलेला एक मणी.
हे मणी उजेड जिकडून येतो तिकडेच परत धाडतात,
ज्याच्या अंगावर असतात त्याला पत्ता लागत नाही.
त्या गाडीवाल्याला दिसला असेल
काळोखातून जाणारा एकच ठिपका,
पुढे, मागे,
आणि मागे जाताना कदाचित
किंचित उशीर करणारा.